भोकात बोट घालून बघा, मग चोरी म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हल्ली कुठलीही नवीन स्पोर्ट्स कार बघा, आधी कुठंतरी बघितल्यासारखीच वाटते, एकीचं तोंड दुसरीला आणि दुसरीची डिकी तिसरीला, डिझायनर लोकांची डोकी आटली, सगळे शेजारच्याच्या पेपरात बघून लिहितात. वाचून हसू पण आलं आणि थोडं लागलं पण. कारण मी गेली बावीस वर्षं साताऱ्यात एमआयडीसीच्या कडेला डेंटिंग-पेंटिंगचं शेड चालवतो आणि हा पत्रा इथंच असा का वळवलाय हा प्रश्न मला रोज पडतो, हौस म्हणून नाही, तो परत तसाच वळवायचा असतो म्हणून. स्पोर्ट्स कार काय माझ्याकडं रोज येत नाही, ते कबूल. पण वाचकानं सरसकट सगळ्यांना चोर केलं ते काही मला पटलं नाही, म्हणून लिहितोय, जरा लांबलं तर कात्री लावा.

घरापासूनच सुरुवात करतो. माझे वडील इथल्या महाराष्ट्र स्कूटर्सला होते, म्हणजे आपली प्रिया जिथं बनायची ती १९७५ सालची कंपनी. आता प्रिया आणि बजाज दीडशे शेजारीशेजारी उभ्या केल्या तर नाव झाकून कुठली कुणाची ते ओळखायला आमच्या गल्लीत पैजा लागायच्या. आणि दोघींची आजी एकच, इटलीची व्हेस्पा. त्यात चोरी काही नव्हती, बजाजनं रीतसर लायसन घेऊन आधी व्हेस्पाच बनवली, १९७१ ला करार संपला, ७२ ला चेतक आली, ती पण त्याच वळणाची. पण मुद्दा लायसनचा नाहीच. व्हेस्पा १९४६ ची, काढली कोराडिनो दास्कानियो नावाच्या माणसानं, हा मूळचा विमानाचा इंजिनिअर आणि ह्याला मोटरसायकल बिलकूल आवडायची नाही. कपडे खराब होऊ नयेत म्हणून पुढं पत्र्याची ढाल दिली, चेन काढून टाकली आणि इंजिन मागच्या चाकाजवळ नेऊन झाकलं, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं की पंक्चर झालं तर पटकन निघावं. एकेका वळणाला कारण आहे हो. मग पुढं ज्यांना ज्यांना चिखलातून साडी-धोतर न बरबटता ऑफिसला पोचवणारी गाडी करायची होती ती तशीच दिसली, दुसरी कशी दिसणार? इतकं की कित्येकदा ह्या स्कूटरी जरा तिरक्या करून किक मारायला लागायच्या, म्हणजे खोड सुद्धा सारखीच.

आता स्पोर्ट्स कारकडं येतो. दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, हायवेनं गोव्याकडं चाललेली मुंबई पासिंगची एक ऑडी आर-एट सर्व्हिस रोडच्या स्पीड ब्रेकरवर खालून घासली आणि तिच्या पोटाखालचं प्लॅस्टिक लोंबायला लागलं. मालकानं रिकव्हरीची गाडी मागवली ती पुण्याहून यायची होती, तोवर तीन तास ती माझ्या शेडमध्ये आडोशाला उभी. माझं तिच्यात काही काम नव्हतं, मी फक्त पत्र्याखाली जागा दिली आणि चहा पाजला. पण गल्लीतली पोरं जमली ना. एक म्हणतोय "काका, लॅम्बोर्गिनी हाय ही", दुसरा म्हणतोय "न्हाय रं, फेरारी हाय", आणि तोंडावर ऑडीच्या चार कड्या ढळढळीत दिसतायत तिकडं कुणाचं लक्ष नाही. मालक हसला आणि म्हणाला लॅम्बोर्गिनी म्हणणारा निम्मा बरोबर आहे. मला तेव्हा कळलं नाही, नंतर समजून घेतलं. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून ऑडीच्याच ताब्यात, लॅम्बोर्गिनीची २०१४ ची हुराकान आणि ऑडीची २०१५ ची दुसऱ्या पिढीची आर-एट ह्या सख्ख्या बहिणी, खालचा सांगाडा सामायिक आणि ५.२ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन तेच. पोरानं आवाजावरून ओळखलं असलं तर त्याला शंभरपैकी शंभर.

मी आपली माझी तपासणी केली. आम्हा डेंटर लोकांच्या खिशात लोहचुंबक असतो, जुन्या गाडीला कुठं पुट्टी भरलीय ते बघायला. मालकाला विचारून, खाली फडकं ठेवून लावला, तर कुठंच चिकटेना, पत्रा सगळा ॲल्युमिनियमचा. मग दाराच्या मागं ती उभी पट्टी आहे, तिच्यात हवा जायला फट आहे, तिथं बोट घातलं. बोट गेलं. मनगटापर्यंत हात गेला असता पण मालक बघत होता. मागची काच आहे तिच्यातून इंजिन दिसतंय, म्हणजे शोकेसमध्ये दागिना ठेवावा तसं, आणि त्या इंजिनला श्वास घ्यायला ते भोक. मग मला झटक्यात लक्षात आलं की पोरं का चुकली. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं ठेवलं की बसायची जागा पुढं सरकते, नाक आखूड होतं, काच पार पुढच्या चाकाजवळ येते, मागचा भाग जड दिसतो आणि कुशीला भोकं पाडावीच लागतात. १९६६ ला लॅम्बोर्गिनीनं मिउरामध्ये बारा सिलिंडरचं इंजिन आडवं टाकून पाठीमागं बसवलं तेव्हापासून ही ठेवण रूढ झाली. अमेरिकेची कॉर्व्हेट १९५३ पासून पुढं इंजिन असलेली लांब नाकाची गाडी, २०२० च्या मॉडेलला त्यांनी इंजिन मागं घेतलं, आणि लगेच लोकांची ओरड की ही फेरारीची कॉपी मारली. अरे बाबा, स्वयंपाकघर मागं नेल्यावर धुराडं मागंच निघणार.

इंजिनच्या जागेनं निम्मं ठरलं तर उरलेलं निम्मं हवा ठरवते. आपल्याकडं ठोसेघरला जाऊन पुढं चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांची रांगच रांग दिसते. कंपन्या वेगळ्या, वर्षं वेगळी, पण पाती तीनच. दोन पाती स्वस्त पडतात पण तोलाला हिसके देतात, चारला खर्च वाढतो आणि वीज त्या मानानं वाढत नाही, म्हणून तीन. आजवर कुणी पत्र लिहिलं का पेपरला, की पवनचक्कीवाल्यांनी एकमेकांची नक्कल केली? गाडीचं तसंच आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद घनानं वाढते, म्हणजे शंभरच्या स्पीडला जेवढी ताकद हवेला द्यावी लागते त्याच्या आठपट दोनशेला आणि सत्तावीसपट तीनशेला. आमच्या गिऱ्हाईकाची गाडी ऐंशीच्या वर जात नाही, तिला हवा माफ करते. तीनशेवाल्याला माफी नाही. त्यात नुसतं हवेतून सुटून चालत नाही, गाडी उचलली जाऊ नये म्हणून हवेनंच तिला खाली दाबून पण धरायचं, मग पुढं खाली ती जिभेसारखी पट्टी, मागं खालून वर चढत जाणारा पन्हाळीसारखा भाग, हे सगळीकडं आलंच. शेपटी थेंबासारखी लांब निमुळती करायच्या ऐवजी मधेच कापली तरी हवा जवळपास तशीच फसते हे वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १९३० च्या दशकातच दाखवून दिलं, तेव्हापासून मागून छाटलेल्या गाड्या आल्या. ह्यात स्पोर्ट्सचाच विषय नाही, टोयोटाची प्रियस आणि होंडाची इनसाइट ह्या पेट्रोल वाचवायच्या गाड्या, त्यांच्यात काय नातं नाही, तरी २००९ च्या इनसाइटला लोकं प्रियसच म्हणायची. विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून गाडी तपासतात त्या बोगद्यात, दोघी जाऊन आल्या की बाहेर येताना चेहरा एकच.

सरकारी नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण ते रटाळ आहेत. माणूस धडकला तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं, म्हणून बॉनेट आणि इंजिनमध्ये जागा सोडायची, म्हणजे बॉनेट वर आलं. झाकण उघडून वर येणारे हेडलाइट आमच्या पिढीची सगळ्यात आवडती गोष्ट, ते पण गेले, शेवटच्या दोन गाड्या २००४ ला बंद झाल्या. एवढंच.

आता डिझायनर लोकांची डोकी. त्या वाचकाला बहुतेक वाटतं जगात हजारो डिझायनर असतील. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा, देशातल्या मोठमोठ्या गवयांचे तंबोरे तिथले, एका घरानं केलेला भोपळा आणि शेजारच्या घरानं केलेला, आपल्यासारख्याला फरक दिसणार नाही कारण हात एकाच आळीत शिकलेत. गाड्यांची अशी आळी म्हणजे इटलीतलं तुरिन. बर्टोनी तिथला, पिनिनफरिना तिथला (आता २०१५ पासून आपल्या महिंद्रांकडं), जुजारोची कंपनी तिथली. हा जुजारो तर अवलिया माणूस. १९६६ ची मासेराती गिबली त्याची, फोक्सवॅगनची पहिली गोल्फ त्याची, स्टीलची डिलोरियन त्याची, आणि आपल्याकडं १९९८ ला आलेली ती छोटी गोल डोळ्यांची मॅटिझ आठवते का, ती पण त्याच्याच कंपनीची. मी मॅटिझचे कित्येक फेंडर ठोकलेत आणि मला पत्ता नव्हता की मी मासेरातीवाल्याच्या हाताखालच्या रेघा सरळ करतोय. आपली टाटा इंडिका सुद्धा तुरिनच्याच एका स्टुडिओची. तर अशी थोडी माणसं, ती ह्या कंपनीतून त्या कंपनीत जाणार, जाताना हाताचं वळण थोडंच काढून ठेवणार? इयन कॅलम ह्या स्कॉटिश माणसानं अ‍ॅस्टन मार्टिनची डीबी-सेव्हन काढली, नंतर तो जग्वारचा मुख्य डिझायनर झाला, आणि २००६ ची जग्वार एक्सके बघून लोकं म्हणाली ही तर अ‍ॅस्टनसारखी दिसते. दिसणारच की हो, सुतार तोच.

पैशाचं पण आहेच. स्पोर्ट्स कार किती खपणार, आणि एका बॉनेटचा डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, करायचा म्हटला तरी घाम फुटतो. म्हणून दोन कंपन्या भागीत करतात, आपल्याकडं दोघा भावांत एक विहीर असते तसं. टोयोटाची ८६ आणि सुबारूची बीआरझेड, बंपर-लाइट सोडले तर एकच गाडी आणि सुबारूच्याच कारखान्यात बनते. फियाटची २०१६ ची १२४ स्पायडर जपानात हिरोशिमाला माझदाच्या कारखान्यात बनायची. पण गंमत बघा, २०१९ ची टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यूची झेड-फोर ह्यांची खालची गाडी एक, दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला एकाच कारखान्यात बनायला लागल्या, तरी वरून कुणी बहिणी म्हणणार नाही. म्हणजे मनात असलं तर वेगळं करता येतं, हे पण मी मान्य करतो, सगळं हवेवर ढकलायचं नाही. आपली बलेनो आणि ग्लान्झा, तिथं कुणी मनात पण आणलं नाही, नुसता बिल्ला बदलला. त्याला निदान लपवाछपवी नाही.

आता चोरी होतच नाही असं म्हणणारा मी नाही. रेंज रोव्हर इव्होक, म्हणजे टाटांच्या मालकीच्या कंपनीची गाडी, तिच्यासारखीच हुबेहूब लँडविंड एक्स-सेव्हन चीनमध्ये निघाली. बीजिंगच्या कोर्टानं २०१९ ला निकाल दिला की इव्होकच्या खास अशा पाच गोष्टी उचलल्यात, विक्री बंद करा. आणि आपल्या बाजूनं पण बघू, महिंद्रा १९४७ पासून विलिजची जीप जोडायला लागले, तरी त्यांच्या रॉक्सर गाडीला अमेरिकेत २०२० ला जीपसारखी दिसते म्हणून बंदी आली, मग तोंड बदललं तेव्हा त्याच वर्षाअखेर परवानगी मिळाली. उलट माझदानं १९८९ ला मियाटा काढली ती १९६२ च्या लोटस एलानची आठवण ठेवूनच काढली आणि कधी नाकारलं नाही, तिला कुणी चोर म्हणत नाही, उलट मूळची बंद पडली आणि ही अजून चालू आहे. पोर्शची ९११ तर १९६३ पासून स्वतःचीच नक्कल करतेय.

मग ओळखायचं कसं? माझ्याकडं एकच कसोटी आहे, ती वर सांगितली, बोटाची. माझ्याकडं मागच्या दिवाळीत एक कॉलेजचं पोरगं जुनी हॅचबॅक घेऊन आलं, बरोबर ऑनलाइन मागवलेलं खोकं. त्यात बॉनेटवर लावायचा स्कूप, म्हणजे हवा घ्यायचं तोंड, फेंडरला लावायची तीन-तीन भोकं आणि दाराच्या मागं लावायची दोन भोकं, सगळी काळ्या प्लॅस्टिकची आणि मागून डबल टेप. म्हटलं "बाळा, तुझं इंजिन पुढं आहे, मागं ह्या भोकातनं हवा कुणाला देणार, डिकीतल्या स्टेपनीला का?" तो म्हणाला "काका, लूक येतो". लावून दिलं, गिऱ्हाईक आहे. पावसाळ्यात त्या स्कूपच्या मागं पाणी धरलं आणि कलर फुगून खपली निघाली, परत आला. आता हे पोर सोडा, मोठमोठ्या कंपन्यांनी पण हेच केलंय. त्या सुप्रालाच अंगभर भोकं आहेत आणि त्यातली कित्येक बंद, आत प्लॅस्टिक, त्यावरून जगभर बोलणी खाल्ली त्यांनी. तर माझं म्हणणं एवढंच, एखादी गोष्ट कामाची असून सारखी दिसत असेल तर तिला कॉपी म्हणू नका, ती हवेनं, इंजिननं, नाहीतर नियमानं तशी केलीय. बिनकामाची गोष्ट सारखी दिसली, भोक आहे पण बोट जात नाही, तिथं खुशाल म्हणा, मी पण तुमच्याबरोबर म्हणतो.

आणि थोडं आपल्या डोळ्यांचं पण आहे. माण-खटावातल्या मेंढपाळाला दीडशे मेंढरांतलं प्रत्येक वेगळं ओळखू येतं, आपल्याला सगळी मेंढरंच. मी लहान असताना मला लांबून एसटीची गाडी कुठल्या डेपोची ते ओळखू यायचं, आणि माझ्या पोराला आज दोन एसयूव्हींच्या टेललाइटमधला फरक रात्री अंधारात कळतो जो मला दुपारी कळत नाही. स्पोर्ट्स कार आपण वर्षातून दोनदा बघतो, ती पण खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं आपल्याला ओव्हरटेक करून जाताना मागून, तर ती फेरारीच वाटणार.

शेवटी तुम्हाला एक विनंती, संपादक साहेब, आणि पत्र मुळात त्यासाठीच होतं. तुमच्या पुरवणीत नवीन गाडीचा फोटो नेहमी समोरून कोपऱ्यातून छापता, तिथून सगळ्या गाड्या डोळे वटारलेल्या मांजरीसारख्याच दिसतात. एक फोटो सरळ बाजूनं, दाराच्या समोर उभं राहून काढलेला छापत जा. तिथून चाकांमधलं अंतर दिसतं, काच कुठं सुरू होते ते दिसतं, इंजिन कुठं आहे ते न सांगता कळतं. त्या वाचकाला पण म्हणावं सातारला आलात तर शेडवर या, रविवारी बंद असतं.

आपला,
एक डेंटिंग-पेंटिंगवाला वाचक,
सातारा